कडा, पुळण आणि पासंग

काटेवाल्याच्या घरात भांडणं फार टिकत नसत, कारण तिथे भांडणाचं वजन करायची सोय होती.

त्याचा धंदा तराजू दुरुस्तीचा. पुढच्या खोलीत वाण्यांचे, भाजीवाल्यांचे, सोनारांचे काटे पोट उघडं टाकून उताणे पडलेले असत. मागच्या दाराने आत गेलं की स्वयंपाकघर. या दोन्हींच्या मधल्या बोळात, छताच्या हुकाला, एक जुना पितळी तराजू टांगलेला होता. पारडी चांगली परातीएवढी. हा तराजू विकायचा नव्हता की दुरुस्तीला आलेला नव्हता, तो घरचा होता. काटेवाल्याच्या वडिलांनी आपल्या बहिणीशी रोज होणाऱ्या वादावादीला कंटाळून तो टांगला, आणि तेव्हापासून दोन गोष्टींतली एक निवडायची वेळ आली की ती त्याच्यावर निवडली जाई.

नियम सोपे होते. प्रत्येकाने आपल्या बाजूच्या पारड्यात घरातली एकच वस्तू ठेवायची. भाषण करायचं नाही. ज्याला जेवढं वाटतं तेवढं वजन. काटेवाल्याची बायको शाळेची बस चालवायची. भिंतींना पिवळा रंग द्यायचा की निळा, हे जेव्हा तराजूवर तोललं तेव्हा ती सरळ बसची स्टेपनी घरंगळवत घेऊन आली होती. भिंती अर्थातच पिवळ्या झाल्या. मांजर ठेवायचं की नाही, या वादात खुद्द मांजरच "ठेवायचं"च्या पारड्यात जाऊन झोपलं आणि जिंकलं. बाहेरच्यांना हा सगळा पोरखेळ वाटे. पण बाहेरच्यांच्या घरात वर्षानुवर्षं एकेक रंग रखडलेला असतो, हेही खरं.

काटा बघायचं काम आत्याचं. हीच ती वडिलांशी वाद घालणारी बहीण. काटेवाल्याची आई तो रांगत असताना गेली, तेव्हा आत्या चार दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिलीच. भावाकडून धंदा शिकली, भाच्याला शिकवला, आणि भाऊ गेल्यावर दुकानाच्या गल्ल्यावरून ती हलली नाही. तिची नजर अशी की दांडी केसाएवढी कलली तरी तिला कळावं. म्हणून तीच पंच. आणि पंच म्हटलं की त्याला मत नसतं. त्यामुळे इतक्या वर्षांत आत्याने पारड्यात कधी सुईसुद्धा टाकली नव्हती, आणि हे कोणाला खटकलंही नव्हतं.

यंदा प्रश्न सहलीचा होता. शाळेला सुट्टी, म्हणजे बसला सुट्टी, म्हणजे बायकोला सुट्टी. समुद्राकाठची जनावरं बघायला जायचं हे ठरलं होतं. घोडं पेंड खात होतं ते कुठे जायचं यावर. सहल कंपनीच्या माणसाने दोन जागा सुचवल्या. दोन्ही जगाच्या टोकाला, आणि दोन्हींचा हंगाम नेमका त्याच पंधरवड्यात, त्यामुळे एकीवर पाणी सोडणं आलं.

पहिली जागा, कडा. समुद्रात घुसलेला उंचच्या उंच खडक, त्याच्या कपारीकपारीत हजारो पक्षी घरटी करून बसलेले. वर जायला खडकात खोदलेल्या पायऱ्या आणि धरायला दोर. पक्षी अखंड ओरडतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर नेम धरून शिटतात, म्हणून टोपी कंपनीकडून मिळते. दुसरी जागा, पुळण. लांबलचक वाळू, तिच्यावर शेकडो सील लोळत पडलेले. गाडी थेट वाळूपर्यंत जाते. तिथे खुर्ची टाकून बसायचं आणि लोळणाऱ्यांकडे बघायचं.

बायकोला कडा हवा होता. दिवसभर बसमध्ये किंचाळणारी पोरं ऐकून हिला सुट्टीत किंचाळणारे पक्षी कशाला हवेत, हे काटेवाल्याला कळत नव्हतं. ती म्हणायची, पक्ष्यांना मला घरी सोडायचं नसतं ना, मग ओरडू देत की. चौदा वर्षांच्या लेकीलाही कडाच हवा होता, कारण वर्गातल्या एकीने पुळण आधीच बघितली होती.

आणि काटेवाल्याला पुळण हवी होती. स्वतःसाठी नव्हे. त्याला यंदा आत्याला न्यायचं होतं.

त्याचं असं झालं होतं. मागच्या महिन्यात टीव्हीवर समुद्रकाठच्या प्राण्यांचा कार्यक्रम लागला होता. आत्या एरवी टीव्हीसमोरून जाताना मान वळवत नसे. त्या दिवशी ती हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. पडद्यावर सील लोळत होते. डावातून आमटीचे थेंब टपटप फरशीवर पडले तरी तिचं लक्ष नव्हतं. मग जाहिरात लागली आणि ती स्वतःशीच म्हणाली, "समुद्र मी अजून बघितलाच नाही की." एवढंच. आणि फरशी पुसायला फडकं आणायला गेली.

काटेवाल्याच्या काळजात काहीतरी तुटलं. दर सहलीला आत्या म्हणायची, तुम्ही जा, मी दुकान बघते, आणि हे तिघे खुशाल जायचे. येताना तिच्यासाठी शाल आणायचे. तिच्याकडे आता इतक्या शाली झाल्या होत्या की त्या ठेवायला वेगळं कपाट केलं होतं. यंदा तिला नेलं नाही तर कधी नेणार? तिचे गुडघे आता जिन्यावर कुरकुरत होते. कड्याच्या पायऱ्या तिला झेपणार नाहीत, म्हणजे कडा ठरला की आत्या घरी. पुळण ठरली की आत्या खुर्चीत, पाय वाळूत, आणि समोर समुद्र. त्याने हे चित्र मनात इतक्यांदा रंगवलं की खुर्चीचा रंगही ठरवून टाकला.

सरळ बोलून टाकायला काय हरकत होती, असं कोणीही विचारील. पण या घरात बोलून ठरवायची सवयच राहिली नव्हती. शिवाय बायको त्या कड्यासाठी लग्न झाल्यापासून झुरत होती. तिला "आत्यासाठी सोड" म्हणायचं म्हणजे तिने सोडलंच असतं, आणि मग जन्मभर काटेवाल्याला ते छळत राहिलं असतं. आणि न बोलता तराजूवर तोलावं तर समोरून स्टेपनी येणार हे नक्की. स्टेपनीपुढे त्याच्याकडे ठेवण्यासारखी एकच जड वस्तू होती ती म्हणजे फ्रीज.

मग त्याने जे केलं ते कुंपणाने शेत खाण्यातलं होतं.

रिकाम्या तराजूची दोन पारडी जर सारखी राहत नसतील, तर हलक्या पारड्याच्या बुडाला एक छोटा तुकडा चिकटवतात. त्याला पासंग म्हणतात. प्रामाणिक पासंग तराजू सरळ करतो. लबाड पासंग गिऱ्हाईकाला बुडवतो. काटेवाल्याकडे येऊन अनेक दुकानदारांनी डोळा मिचकावून लबाड पासंग मागितला होता आणि प्रत्येकाला त्याने दुकानाची पायरी उतरवली होती. तोच काटेवाला एका दुपारी, आत्या वामकुक्षी करताना, बोळात स्टुलावर चढला, पुळणीचं म्हणून ठरलेलं डावं पारडं त्याने उचललं आणि शिशाचा एक चांगला जाड तुकडा मेणाने त्याच्या बुडाला लावला. स्टेपनीला पुरून उरेल असा. मेणावर अंगठ्याचा ठसा उमटला तो पुसायचंही त्याला सुचलं नाही. एरवी दांडी दोरीने खुंटीला बांधलेली असे, म्हणून कललेलं काही दिसायचा प्रश्न नव्हता. तो खाली उतरला आणि मांजराने त्याच्याकडे बघितलं, तर त्याने मांजरापासूनही नजर चुकवली.

रविवारी सकाळी तोलायचं ठरलं. सहल कंपनीच्या माणसाला दुपारपर्यंत कळवायचं होतं. तोवरचे दिवस काटेवाल्याने कसे काढले त्याचं त्यालाच माहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, आत्या रोजच्यासारखी संध्याकाळी पारडी पुसायला बोळात गेली की तो हातातलं काम टाकून कान टवकारी. पण ती फडकं झटकत बाहेर येई आणि भाजी काय करायची ते विचारी. बायकोही त्या आठवड्यात जरा विचित्र वागत होती. एकदा ती बोळातून दचकून बाहेर आली आणि विचारलं नसताना म्हणाली, मी झाडू शोधत होते. लेकीने तर दोनदा स्टूल जागेवर नेऊन ठेवलं, आणि ही मुलगी जन्मात कुठलीही वस्तू जागेवर ठेवणारी नव्हती. पण काटेवाल्याला स्वतःच्या पापापुढे दुसऱ्याचं काही दिसत नव्हतं.

रविवार उजाडला. चौघं बोळात जमली. आत्या काट्यासमोर तिच्या ठरलेल्या स्टुलावर बसली, चष्मा पुसला आणि दांडीची दोरी सोडली.

काटेवाला डाव्या पारड्याकडे बघत राहिला. आता रिकामं डावं पारडं खाली जाईल, आत्या कपाळाला आठ्या घालील, मग तो म्हणणार होता, "जुना तराजू, दमट हवा." वाक्य पाठ होतं. पण पारडं खाली गेलं नाही. दोन्ही पारडी शहाण्या पोरांसारखी समोरासमोर स्थिर राहिली. काटा बरोबर मधोमध.

तुकडा पडला की काय? त्याने हळूच जमिनीवर बघितलं. नवल म्हणजे बायकोही जमिनीवर बघत होती, आणि लेकही.

सर्वांत लहान आधी, हा नियम. लेक पुढे झाली आणि तिने कड्याच्या पारड्यात एक खोडरबर ठेवलं. तेही अर्धं झिजलेलं. काटेवाला चकित झाला. ही पोरगी मागच्या वेळी मोबाइल मिळावा म्हणून गहू भरलेला डबा ओढत आली होती. मग बायको. स्टेपनी येणार म्हणून त्याने पाय मागे घेतले, तर तिने डोक्यातली एक पिन काढली आणि ती अलगद कड्याच्या पारड्यात ठेवली. लग्नापासून झुरत होती म्हणे, आणि झुरण्याचं वजन एक पिन.

आता त्याची पाळी. त्याला तर शिशावर भरवसा होता, म्हणून हावरट दिसू नये या बेताने त्याने खिशात सदऱ्याचं एक बटण आणलं होतं. आता ऐन वेळी आत जाऊन फ्रीज आणणं बरं दिसलं नसतं. त्याने मुकाट्याने बटण पुळणीच्या पारड्यात टाकलं.

खोडरबर आणि पिन एकीकडे, बटण एकीकडे. इतक्या मोठ्या पारड्यांना ही असली वजनं पासंगालाही पुरणारी नव्हती. काटा हलला की नाही तेही कळेना. आत्या पुढे झुकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"कडा," ती म्हणाली. "केसभर."

खरं तर बायकोने आणि लेकीने आनंदाने नाचायला हवं होतं. पण दोघींचे चेहरे पडले. बायको म्हणाली, जरा परत बघता का? लेक म्हणाली, आजी, नीट बघ ना, पुळणच वाटतेय. जिंकलेल्यांनी फेरमोजणी मागायची हे या घरात कधी घडलं नव्हतं. काटेवाला तर हरलेलाच होता, त्यानेही तीच री ओढली. आत्या थंडपणे म्हणाली, की इतक्या वर्षांत तिच्या नजरेवर कोणी शंका घेतली नव्हती, पण हरकत नाही, हवं तर स्वतः बघा. ती असं म्हणायची खोटी, तिघांचे हात एकदम पुळणीच्या पारड्याखाली गेले आणि तिथे एकमेकांवर आपटले.

मग काटेवाल्याने पारडं उलटं केलं.

बुडाला त्याचा शिशाचा तुकडा होता. त्याच्या शेजारी मोटारीच्या चाकाला लावतात ती बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं ओळीने लावलेली होती. आणि त्यांच्या शेजारी, चघळून चघळून राखी झालेल्या च्युइंगममध्ये रुतवलेला एक भलामोठा लोखंडी नट. तिघांनी आपापली कलाकृती ओळखली आणि दुसऱ्या दोघांच्या ओळखून झाल्यावर तिघंही लाल झाली.

मग त्याने कड्याचं पारडं उलटं केलं. तिथेही तीन तुकडे होते. पण काय तुकडे. कानस मारून काठ गोल केलेले, मेण पातळ आणि सारखं पसरलेलं, बोटाचा डाग कुठे नाही. असं काम शहरात एकच माणूस करू शकत होतं, आणि ते स्टुलावर बसून चष्मा पुसत होतं.

"च्युइंगम," आत्या लेकीकडे बघून म्हणाली. "तराजूवाल्याच्या घरात च्युइंगम." मग काटेवाल्याकडे वळली. "आणि तू. मेणावर अख्खा अंगठा. हे शिकवलं होतं का मी तुला?"

ती पुढे जे म्हणाली त्याचा सारांश असा, की तिने कोणाची बाजू घेतली नव्हती. पारडी पुसताना एकेक दिवस एकेक पासंग सापडत गेला आणि ती समोरच्या बाजूला तेवढाच लावत गेली. काढून टाकला असता तर लावणाऱ्याने आणखी मोठा लावला असता, तेव्हा तराजू सरळ करून ठेवणं बरं. तिघांनाही पायऱ्या चढायचा आळस आहे आणि तसं तोंडाने सांगायची लाज आहे, एवढं तिच्या लक्षात आलं होतं.

"आळस नाही हो, आत्या," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुम्हाला नेता यावं म्हणून केलं. कड्यावर तुम्ही कशा चढणार?"

"मीपण त्यासाठीच," लेक पुटपुटली.

काटेवाल्याने नुसती मान हलवली. त्याला बायकोकडे बघवेना. ही बाई आपल्या कड्यावर पाणी सोडून चाकाची वजनं चिकटवत बसली होती, आणि तो तिच्या स्टेपनीला घाबरत होता. त्याला तिचा इतका अभिमान वाटला की नाक ओढावं लागलं.

आत्या मात्र विरघळली नाही. उलट तिचा आवाज चढला.

"म्हणजे मी येणार की नाही ते तुम्ही ठरवलंत. मला काय बघायचंय तेही ठरवलंत. माझे गुडघेसुद्धा तोललेत. तिघांपैकी एकाने तरी मला विचारलं?"

काटेवाल्याने तोंड उघडलं. त्याला म्हणायचं होतं की विचारणारच होतो. पण तसं काही नव्हतं. तो टीव्हीचं काहीतरी बोलला, सील बघून ती कशी उभी राहिली होती, डावातून आमटी कशी सांडली होती.

"सील?" आत्या म्हणाली. "अरे, लोळणारे मी जन्मभर बघत आलेय. आधी तुझा बाप, मग तू. ते बघायला पैसे मोजून कोण माणसं जातात, याचं मला आश्चर्य वाटत होतं."

बायकोला हसू फुटलं, ते तिने खोकल्यावर ढकललं. काटेवाला पुढे झाला आणि आत्याच्या स्टुलापाशी उकिडवा बसला. लहानपणी दात पडला की दाखवायला बसायचा तसा. आपण हिला उभ्या आयुष्यात काय काय विचारलं, हे तो आठवून बघत होता. जेवायला काय आहे, माझा सदरा कुठे आहे, या काट्याची दांडी का अडकते. याच्यापलीकडे त्याला काही आठवेना, आणि त्याला स्वतःची खरोखर लाज वाटली.

"आत्या," तो म्हणाला, "तुला कुठे जायचंय?"

आत्याने चष्मा काढला, पुन्हा घातला.

"परत विचार," ती म्हणाली.

"तुला कुठे जायचंय, आत्या?"

"आता हिला विचारू दे."

बायकोने विचारलं. मग लेकीने विचारलं. आत्या प्रत्येकीकडे नीट वळून, मान जराशी तिरकी करून ऐकत होती.

"कडा," ती शेवटी म्हणाली. "जाहिरातीनंतर त्यांनी ते पक्षी दाखवले होते. तू तेव्हा तुझा सदरा कुठे आहे ते मला विचारत होतास, म्हणून तुला दिसले नाहीत. त्यांची पिल्लं उडता येत नसतानाच कड्यावरून खाली समुद्रात उडी टाकतात. ती आपणहून टाकतात की मोठे त्यांना ढकलतात, हे मला जवळून बघायचंय. तुझ्या वेळी मला ते जमलंच नाही. तू आपला घरातच राहिलास."

काटेवाला उठला आणि त्याने दुकानात जाऊन सहल कंपनीच्या माणसाला फोन लावला. कडा, चार जणं, असं सांगितलं. चौथं कोण, म्हणून त्या माणसाने विचारलं, आणि कळल्यावर तो काळजीने म्हणाला, की पायऱ्या फार आहेत, वर बसायला जागा नाही, त्या वयाच्या बाईंना झेपेल का, त्यांना खाली गाडीतच बसवलं तर?

काटेवाला बोलायला गेला. "त्यांचं काय आहे—" एवढं त्याच्या तोंडून निघालंसुद्धा. मग तो थांबला, बोळाच्या दारापर्यंत वायर ताणत गेला आणि फोन आत्याच्या हातात दिला.

तिने तो कानाला लावला, पलीकडचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी थांबत थांबत चढेन. तुमचे पक्षी तोवर उडी मारायचे थांबतील का, ते सांगा."